ई-रीडर घेताना: सोय किती, मोकळीक किती

ई-रीडर हे निव्वळ वाचनासाठी बनवलेले उपकरण. त्याच्या पडद्यात काळ्या आणि पांढऱ्या रंगकणांनी भरलेल्या सूक्ष्म कुप्या असतात. विजेच्या भाराप्रमाणे त्यांतले काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि अक्षर उमटते. उमटलेले पान तसेच राहायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या संशोधनातून निघालेल्या आणि १९९७ साली स्थापन झालेल्या ई-इंक कंपनीचे. बाजारातल्या बहुतेक ई-रीडरांत आज तिचेच पडदे असतात. त्यामुळे नुसता पडदा बघून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. फरक असतो तो आतल्या सॉफ्टवेअरचा: कंपनीने किती गोष्टी आधीच ठरवून टाकल्या आहेत आणि किती वाचकावर सोपवल्या आहेत.

सोयीचा मार्ग रुळवला तो अ‍ॅमेझॉनच्या किंडलने. ई-इंकचा पडदा असलेला सोनीचा लिब्रिए २००४ मध्येच जपानात आला होता, पण असल्या उपकरणांत पुस्तक चढवायला संगणक मध्ये लागत असे. १९ नोव्हेंबर २००७ रोजी आलेल्या किंडलमध्ये मोबाइल नेटवर्कची जोडणी आतच होती आणि तिचे वेगळे बिल येत नव्हते. पुस्तक निवडायचे, विकत घ्यायचे आणि मिनिटभरात वाचायला लागायचे. ३९९ डॉलर किंमत असूनही पहिला साठा काही तासांतच संपला.

हाच स्वभाव किंडलने पुढेही जपला. ओळींमधले अंतर तीन प्रकारचे, समास तीन प्रकारचे, मोजके फॉन्ट, अक्षर लहान-मोठे करण्याची सोय, आणि बस्स. फोनवर अर्धवट सोडलेले पुस्तक ई-रीडरवर त्याच पानापाशी उघडते. स्वतःकडची फाइल ईमेलने पाठवली की थोड्या वेळात उपकरणात येऊन बसते. २०२२ पासून ईपब या सर्वमान्य प्रकारातली फाइलही अशी पाठवता येते. ज्याला सेटिंगच्या पानांत शिरायचेच नाही, अशा वाचकासाठी हे उत्तम आहे. घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या हातात द्यायचे उपकरण तर असेच असावे.

या सोयीची किंमत लगेच जाणवत नाही. पुस्तके एकाच दुकानाची आणि त्यांवर डिजिटल कुलूप. उद्या दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर घेतला तर ती सरळपणे तिकडे जात नाहीत. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या वादातून अ‍ॅमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली. त्यांत ऑर्वेलची, नकोसे कागद नष्ट करणाऱ्या हुकूमशाहीवरची ‘१९८४’ ही कादंबरी असावी, यापेक्षा बोचरा योगायोग शोधून सापडणार नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर विकत घेतलेले पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकण्याची सोयही अ‍ॅमेझॉनने काढून घेतली.

दुसऱ्या टोकाला ओनिक्स कंपनीचे बूक्स ई-रीडर आहेत. ते चालतात अँड्रॉइडवर, म्हणजे फोनवरची बहुतेक वाचन-अ‍ॅप त्यांत बसवता येतात. कॅनडातला कोबो आणि युरोपातला पॉकेटबुक मध्ये कुठेतरी येतात. वापरायला ते सरळ आहेत आणि ईपब थेट उघडतात. शिवाय केओरीडर हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यांत फारशी खटपट न करता बसते. केओरीडरमध्ये चारही बाजूंचे समास वेगवेगळे ठरवता येतात, ओळींमधले अंतर टक्क्यांत बदलता येते, पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यावर बोट ठेवल्यावर काय व्हावे हेही ठरवता येते. किंडलवर ते बसवायचे तर आधी जेलब्रेक, म्हणजे कंपनीने घातलेले कुलूप तोडणे, भाग पडते, आणि कंपनीच्या पुढच्या अपडेटमध्ये ती वाट बुजण्याची शक्यता असते.

मोकळीक म्हणजे काम, हे खरेदीच्या उत्साहात लक्षात येत नाही. अँड्रॉइडचे ई-रीडर बॅटरी लवकर संपवतात. फोनसाठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये वरखाली सरकवताना आधीच्या मजकुराची पुसट छाया पडद्यावर राहते. ती घालवायला प्रत्येक अ‍ॅपसाठी पडदा ताजा होण्याचा वेग आणि अक्षरांचा गडदपणा वेगळा ठरवावा लागतो. पुस्तकांचा संग्रह संगणकावर सांभाळायला कोविद गोयल यांनी २००६ मध्ये लिहायला घेतलेले कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते आणि त्याला तोड नाही. पण तिथेही एका फाइलीत ‘पु. ल. देशपांडे’, दुसरीत ‘पु ल देशपांडे’ आणि तिसरीत रोमन लिपीतले नाव असेल, तर यादीत तीन लेखक दिसतात. ते एकत्र करण्यात, मुखपृष्ठे लावण्यात, समास जुळवण्यात रविवारची दुपार सहज जाते आणि पुस्तक पहिल्याच पानावर राहते. ज्यांना यातच गंमत वाटते त्यांची गोष्ट वेगळी.

मराठी वाचकासाठी मात्र हा हिशेब थोडा बदलतो. इंग्रजी वाचणाऱ्याला एका दुकानात जवळपास सगळे मिळते. मराठी पुस्तके विखुरलेली आहेत. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके आणली खरी, पण बरीच मराठी ई-पुस्तके बुकगंगासारख्या ठिकाणी त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये वाचायची असतात, आणि किंडलवर दुसरे अ‍ॅप बसत नाही. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात. जुनी, दुर्मीळ पुस्तके तर स्कॅन केलेल्या पानांच्याच रूपात सापडतात.

पीडीएफची अडचण आकाराची आहे. सहा इंची पडदा साधारण नऊ सेंटिमीटर रुंद, आणि ए-फोर पान एकवीस. सबंध पान बसवले की अक्षर निम्म्याहूनही लहान होते. मजकूर वेगळा काढून ईपब करावा म्हटले, तर युनिकोडपूर्व काळातल्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकातून मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ बाहेर पडतो. अशा वेळी केओरीडरची एक युक्ती कामाला येते. ते पानाकडे चित्र म्हणून पाहते, कडेची पांढरी जागा छाटते, शब्दांचे तुकडे वेगळे करते आणि ते मोठे करून नव्या ओळींत मांडते. अक्षर ओळखण्याचा प्रश्नच येत नसल्याने फॉन्ट कोणता याने काही बिघडत नाही. सबंध पान एका दृष्टिक्षेपात दिसणार नाही, पण भिंगही लागणार नाही.

फॉन्टचा मुद्दा वरवर हौसेचा वाटतो, पण देवनागरीत तो वाचनीयतेचा आहे. ‘किल्ला’ या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी फाइलमध्ये ‘क’नंतर साठवलेली असते आणि पडद्यावर ‘क’च्या आधी काढावी लागते, ‘स्त्री’ हे सहा चिन्हांचे मिळून एक अक्षर. ही मांडणी न जमणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कितीही देखणा फॉन्ट टाकला तरी पाय मोडलेली अक्षरे सुटी पडतात. मांडणी जमली, तरी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येण्याची शक्यता असते. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि पुस्तकाच्या फाइलीत भाषा कोणती नोंदवली आहे त्यावरून वळण निवडले जाते. कॅलिबरमध्ये भाषा ‘मराठी’ केली की अशी पुस्तके सुधारू शकतात. तिरो देवनागरी मराठी या मोफत फॉन्टमध्ये मराठी वळण मुळातच आहे. स्वतःचा फॉन्ट टाकण्याची सोय कोबोत आहे आणि २०१८ पासून किंडलमध्येही आहे, म्हणजे एवढ्यासाठी अँड्रॉइडच्या मागे लागायचे कारण नाही.

तेव्हा निवड करताना आधी आपली पुस्तके कुठून येणार ते पाहावे. मुख्यतः इंग्रजी आणि थोडी नवी मराठी पुस्तके विकत घेऊन वाचणाऱ्याला किंडल पुरेसे आहे. जास्त मोकळ्या उपकरणावर खर्च केलेले पैसे त्याच्या कामी येत नाहीत. मराठी अ‍ॅपमधली पुस्तके हवी असतील तर अँड्रॉइडला पर्याय नाही. पीडीएफचा मोठा साठा असलेल्याने सहा इंचाऐवजी आठ किंवा दहा इंची पडदा घ्यावा. तिथे कोणत्याही सेटिंगपेक्षा आकाराचा उपयोग जास्त होतो. बाकीच्यांसाठी, म्हणजे घेतल्या दिवसापासून सरळ चालावे पण पुढे मन झाले तर बदलता यावे असे वाटणाऱ्यांसाठी, कोबो-पॉकेटबुकचा मधला वर्ग ठीक. ओळखीतल्या कोणाकडे ई-रीडर असेल तर खरेदीआधी आपल्याच तीन फाइली त्यावर उघडून पाहाव्यात: एक युनिकोड मराठी ईपब, एक जुनी स्कॅन केलेली पीडीएफ आणि जोडाक्षरांनी भरलेले एखादे संस्कृतप्रचुर पुस्तक.