थेंबांचा हिशेब

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइडचे थेंब बहुधा उतरत्या क्रमाने दिले जातात. समजा, एका डोळ्यासाठी चिठ्ठीत लिहिलंय: पहिला आठवडा दिवसातून 6 वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी. 6, 5, 4, 3, 2, 1 यांची बेरीज 21. गुणिले 7 दिवस, म्हणजे 147 थेंब. ढोबळमानाने 1 मिलीलिटरचे 20 थेंब धरतात. तेव्हा साडेसात मिलीलिटरच्या आसपास औषध लागणार. 5 मिलीलिटरची बाटली तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीसच संपेल, दुसरी हवीच.

शिवाय वयस्क माणसांचा हात थरथरतो, थेंब गालावर ओघळतात. तेही हिशेबात धरायला हवेत. एका वेळी दोन थेंब घालून मात्र काही साधत नाही: डोळ्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं, आणि एकच थेंब बहुधा त्याहून मोठा असतो. उरलेलं औषध जपून ठेवावंसं वाटतं, हे मला समजतं. पण उघडलेली बाटली साधारणतः 28 दिवसांनी टाकून द्यायची असते. म्हणून दोन्ही बाटल्या एकदम उघडू नका. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, आणि पहिली संपण्याआधीच दुसरी घरात आणून ठेवा.