न्याय कोणाच्या डोळ्यांनी?

गेल्या वार्षिक परीक्षेत आमच्या शाळेत दोन मुले नक्कल करताना सापडली. एक आमच्या जुन्या स्नेह्याचा मुलगा. दुसऱ्याच्या घराशी आमचा परिचय नव्हता. दोघांच्याही खिशात सारख्याच चिठ्ठ्या. पहिल्याला आम्ही खोलीत बोलावून समजावले. 'घरात आजारपण आहे, अभ्यास झाला नसेल' असे मनाशी म्हटले. दुसऱ्याच्या नावापुढे 'मुळातच वाह्यात' असा शेरा लिहून पालकांस पाचारण केले. त्याची आई आली. सारे मुकाट्याने ऐकून घेऊन तिने एवढेच विचारले, "सर, त्या दुसऱ्या मुलाच्या आईलाही बोलावलंत ना?"

आम्ही निरुत्तर झालो. एकाचा अपराध आम्ही परिस्थितीच्या खात्यावर मांडला होता, दुसऱ्याचा स्वभावाच्या. घरोघरी हेच चालते. लेकीला उशीर झाला तर गाडी चुकली. सुनेला झाला तर तिला वळण नाही!

ज्यांचे कामच न्यायदानाचे, त्यांच्याही बाबतीत दृष्टिकोन किती निर्णायक ठरतो, हे रखमाबाईंच्या खटल्यावरून दिसते. आम्हां गुजरातेतील मराठी मंडळींना हे नाव परके नसावे. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी डॉक्टर म्हणून दीर्घकाळ सेवा केली. मुंबईच्या या मुलीचे वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले. ती माहेरीच राहिली, वाढली, शिकली आणि पुढे सासरी जाण्यास तिने नकार दिला. १८८४ मध्ये पतीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला.

पतीच्या बाजूने पाहिले तर विधिपूर्वक लग्न झालेले, पत्नी मात्र घरी येत नाही. मग अन्याय झाला तो त्याच्यावर. सनातनी समाजाला वाटले, एका बाईची हौस पुरवण्यासाठी धर्माचा पायाच खचतो आहे. लोकमान्यांच्या 'केसरी'नेही रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. सुधारकांना मात्र ती बालविवाहाच्या रूढीची बळी वाटली.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अशा दाव्यांची प्रथाच मुळात इंग्लंडातून येथे आणलेली आहे, हिंदू धर्मशास्त्रात तिला आधार नाही, असे त्यांनी नमूद केले. गंमत पाहा, धर्मरक्षणासाठी सरसावलेली मंडळी एका विलायती कायद्याचा कैवार घेत होती आणि हे त्यांना दाखवून देणारा न्यायाधीश इंग्रज होता! पुढच्याच वर्षी अपिलात तो निकाल फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की, पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने कारावास भोगावा. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन पतीने आपला हक्क सोडला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परतल्या.

घटना तीच, कागदपत्रे तीच, न्यायालयही तेच. निकाल मात्र परस्परविरुद्ध. मग योग्य आणि अयोग्य असे काही नसतेच काय? आम्हांला तसे वाटत नाही. या वादात शास्त्री बोलले, संपादक बोलले, वकील बोलले. पण निकालाचे ओझे जिच्या आयुष्यावर पडणार होते, तिची व्यथा लोकांना कळली ती तिने १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने पत्रे लिहिली तेव्हा. ती पत्रे वाचल्यावर बालविवाह हा निव्वळ शास्त्रार्थाचा विषय उरत नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली, त्यामागच्या चर्चेला या खटल्यानेही धार आणली होती.

आपली दृष्टी आपल्या नात्यागोत्याने, संस्कारांनी रंगलेली असणारच. ती धुऊन काढता येत नाही. परंतु ज्याच्यावर निकाल पडणार, त्याच्या जागी उभे राहून एकदा पाहणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

त्या दिवशी आम्ही तो शेरा खोडला आणि दोन्ही मुलांना एकच शिक्षा दिली. स्नेही काही दिवस रुसले. पण पुढे ती माउली शाळेच्या दारात भेटली, तेव्हा तिच्याकडे मान वर करून पाहणे आम्हांला शक्य झाले.