तुरुंगाच्या फाटकाबाहेर

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहातला पिंपळ आपल्या भागात लहानथोरांना माहीत आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी येथे फाशी दिली. दरवर्षी त्या दिवशी गोंड बांधव खेड्यापाड्यांतून येतात, फुले वाहतात, घोषणा देतात. वर्षाच्या बाकी दिवशी मात्र त्या फाटकासमोर वेगळीच माणसे उभी असतात. कुणाची म्हातारी माय, कुणाची बायको कडेवर लेकरू घेऊन. गडचिरोलीच्या टोकाच्या तालुक्यांतून यायचे तर दीडशे-दोनशे किलोमीटरचा प्रवास. एक दिवसाची मजुरी बुडते, दोन बाजूंचे एसटीचे भाडे लागते आणि भेट होते ती काही मिनिटांची. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा माणूस घरातून निघूच शकत नाही.

आपल्या वस्तीत एखाद्याचा मुलगा आत गेला की शेजारीपाजारी तोंड फिरवतात. घरातले लोकही लाजेने गप्प बसतात. वाचकहो, एक आकडा ध्यानात घ्या. २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. मग लाज कशाची? जो दोषी ठरला त्याचेही स्वातंत्र्य तेवढे जाते, माणूसपण जात नाही.

घटना समितीत या विषयावर बाबासाहेबांनी मुद्दाम काम केले आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी एक नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटक केलेल्याला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीचा वकील घेता आला पाहिजे. घरच्यांना अटकेची खबर दिलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली घालून दिले. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच निकड असेल तर महिला अधिकाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते. पोलीस ठाण्यात बाईमाणसाचे काय होऊ शकते हे आपल्या जिल्ह्यांना कुणी शिकवायला नको. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीवर जे घडले, त्यातल्या दोन्ही पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिले. देशभरच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

खरी अडचण होते ती जामिनाशी. कोर्ट जामीन मंजूर करते आणि माणूस आतच राहतो. कारण जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा पाहिजे, घर-टॅक्सची पावती पाहिजे. भूमिहीन मजुराने सातबारा आणायचा कुठून? मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गरीब गवंड्याचे असेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि सख्ख्या भावाचा जामीन नाकारला, कारण काय तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या वागण्याची खरडपट्टी काढून मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले. आज जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे असते. हा सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना काढली. २०२३ च्या मूळ नियमांत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरायला २५ हजारांपर्यंत मदत ठेवली होती. ती जिल्ह्याची समिती ठरवते.

दुसरी गोष्ट नीट वाचून ठेवा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. समजा गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा आहे, तर एक वर्ष झाले की. बाकीच्यांना अर्धा काळ. कोर्टाकडे अर्ज करण्याची जबाबदारी खुद्द तुरुंग अधीक्षकावर आहे. १ जुलैपूर्वीच्या खटल्यांनाही हे लागू, असे न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये सांगितले. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र हे नाही, आणि एकाहून अधिक केसेस चालू असतील तरी नाही. गडचिरोलीच्या जंगलातल्या पोरांवर एकामागून एक केसेस लागतात, ती पोरे या दारातून बाहेर येत नाहीत. कायदा करणाऱ्यांनी ही फट कुणासाठी ठेवली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता आतल्या हालाचे. एटापल्ली तालुक्यातल्या पांडू नरोटे या आदिवासी तरुणाला प्रा. साईबाबांच्या खटल्यात मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या कोर्टाने जन्मठेप दिली. अपील उच्च न्यायालयात पडून होते. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरच्या तुरुंगात तो तापाने आजारी पडला आणि गेला. वय तिशीच्या थोडे पुढे. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, असा त्याच्या वकिलांचा आरोप होता. दोनच महिन्यांनी उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून फेरसुनावणी लावली, आणि ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने पुन्हा सगळ्यांना निर्दोष ठरवले. पांडूलाही!

म्हणून आपला माणूस आजारी आहे असे भेटीत कळले तर नुसते रडत घरी येऊ नका. अधीक्षकाला साध्या कागदावर अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि तीच प्रत वकिलामार्फत कोर्टात दाखल करा. तारखेला, मग ती पडद्यावरची का असेना, न्यायाधीशांना आपले दुखणे सांग असे आतल्याला बजावा. त्याला मराठी येत नसेल, गोंडी किंवा माडियाच येत असेल, तर दुभाषा मागा.

आत जात पाहून झाडलोट आणि संडाससफाईची कामे देण्याची रीत अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमांतच लिहिलेली होती. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे उलटली तरी! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितले. पत्रकार सुकन्या शांता यांनी ही याचिका केली होती. अजूनही असे घडत असेल तर हा निकाल दाखवून तक्रार करा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. अनुसूचित जाती, जमाती, स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट नसताना सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि जो कोठडीत आहे त्याला तर कोणत्याही जातीचा असो, मिळतोच. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचे कार्यालय असते. फोन १५१००. जाताना केस नंबर, पोलीस ठाण्याचे नाव, अटकेची तारीख आणि लागलेली कलमे एका कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरीकडून लिहून घ्या.