गुप्त आकडे आणि गुळगुळीत काच

कांजूरमार्ग स्थानकाच्या आसपासच्या उपाहारगृहांत आता बिलाबरोबर स्वाइप मशीनही टेबलावर येते. ग्राहकाचे कार्ड त्याच्या नजरेआड होत नाही, ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु अनेक नव्या यंत्रांवरची बटणे जाऊन गुळगुळीत काच आली आहे. बटणांच्या यंत्रावर पाचच्या आकड्यावर एक उंचवटा असे. त्याच्या आधारे अंध ग्राहक बाकीचे आकडे बोटांनी ओळखी. काचेवर ही खूणच नाही. मग त्याने आपला गुप्त क्रमांक वाढप्याला सांगावा काय? 5000 रुपयांपर्यंत नुसते कार्ड टेकवून भागते हे खरे. पण रक्कम किती कापली गेली, हे त्याला कोण सांगणार?

याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. यंत्र निवडतात बँका व व्यापारी. वापरावे लागते ग्राहकाला. त्याची अडचण किमतीत उमटत नाही.

याच स्थानकावरून जेथे जाता येते, त्या पवईच्या आय.आय.टी.त 1969 साली औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. मतदान यंत्राला रूप देण्यात तेथील ए. जी. राव व रवी पूवैया या प्राध्यापकांचा वाटा होता. निरक्षरालाही कोणाच्या मदतीवाचून गुप्तपणे मत देता यावे, ही त्यामागची कसोटी. पैशाच्या यंत्राला ती का नसावी?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना उत्तेजन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. हाताला लागणारी बटणे व रक्कम उच्चारणारा आवाज यांचा आग्रह बँकांनी धरावा. तो उपकार नव्हे, कर्तव्य आहे.