देव निवळतो तेव्हा

लग्नपत्रिका हातात आली की आपण नावं, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता पाहतो. माथ्यावरची ओळ तशीच राहून जाते : ॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥. ट्रकच्या कपाळावर, मासेमारीच्या होडीवर, किराणा दुकानाच्या पाटीवरही हाच शब्द असतो. प्रसन्न म्हणजे खूश, इतकं आपल्याला पुरतं. पण हा शब्द उकलून पाहिला आणि मी थक्क झालो. आत पाणी होतं!

'सद्' हा संस्कृत धातू बसण्याचा. सदन, संसद, परिषद, उपनिषद ही सगळी त्याचीच लेकरं. त्याला 'प्र' जोडला की खाली बसणं, स्थिरावणं, निवळणं. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं, की ते पाणी 'प्रसन्न'. तमसेच्या काठी स्नानाला गेलेला वाल्मीकी शिष्य भरद्वाजाला सांगतो की या घाटावर चिखल नाही, पाणी सज्जनाच्या मनासारखं आहे. रामायणात तिथे पाण्याला विशेषण आहे ते 'प्रसन्न'. क्रौंचवधाचा आकांत त्याच काठावर, थोड्याच वेळात व्हायचा असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर 'प्रसन्ना' हे एका मद्याचं नाव आहे. आयुर्वेदाचे ग्रंथही सुरेच्या वरच्या निवळ भागाला प्रसन्नाच म्हणतात. देवाला लावतो तोच शब्द!

यातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण निवळीच्या बीचं. बटणासारखी चपटी, गोल, फिकट बी. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं तांबडं येतं, तेव्हा ही बी माठाच्या आतल्या अंगाला घासायची आणि पाणी भरून ठेवायचं. मातीचे अतिबारीक कण एरवी एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दिवसच्या दिवस तरंगत राहतात. बीतलं चिकट द्रव्य त्यांना एकत्र बांधतं. कणांच्या गुठळ्या होतात, जड होतात, हळूहळू खाली उतरतात. काही वेळाने माठात डोकावलं तर वरचं पाणी स्वच्छ, तळाशी मऊ चिखलाचा थर. या बीचं संस्कृत नाव 'कतक', आणि दुसरं नाव 'अंबुप्रसाद' : पाण्याला प्रसन्न करणारी. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तिचा दाखला येतो. कतकाचं फळ पाणी निवळतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असं तिथे बजावलं आहे.

आता देवाकडे वळू. देव कोपला म्हणजे ढवळला गेला, आणि त्याला 'प्रसन्न करणं' म्हणजे तो गाळ खाली बसू देणं. मराठीत आपण आजही 'त्याचा राग निवळला' म्हणतो, 'आभाळ निवळलं' म्हणतो. नवस फेडताना देवाशी देवघेव होते, ती माणसाची रीत आहे. पण शब्दाच्या मुळाशी देवघेव नाही, लाचही नाही. तिथे फक्त थांबलेलं, नितळ झालेलं पाणी आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

'प्रसाद' याच घरातला. आधी निर्मळपणा, मग प्रसन्न झालेल्याची कृपा, आणि पुढे त्या कृपेची खूण म्हणून तळहातावर पडणारा शिरा किंवा खडीसाखर. गोव्यात मूर्तीला पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडते की डावी यावरून देवाचा होकार-नकार ओळखतात. त्यालाही 'प्रसाद' म्हणतात. काव्यशास्त्रात वाचताक्षणी अर्थ दिसावा अशा लेखनाला 'प्रसादगुण' असतो. पाणी नितळ असलं की तळ दिसतो, तसंच ते.

आणि एक वळण आपल्या भाषेतलं. संस्कृतातला 'प्रसाद' प्राकृतात शिरला तेव्हा जोडाक्षर झिजलं, 'द' गळला आणि 'पसाय' उरला. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करताना अखेरीस नऊ ओव्यांत देवाकडे जे मागितलं, ते पसायदान. शाळेच्या प्रार्थनेत आपण ते हजारदा म्हटलं आहे. त्यातला 'पसाय' म्हणजे हाच निवळलेला प्रसाद.