घागर, झोका आणि एक जपानी चित्रकथा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी खान्देशात जळगावजवळच्या नशिराबाद, भादली, असोदे या पट्ट्यातल्या घरांत एकाच वेळी दोन गोष्टी चाललेल्या असतात. आत पाण्याने भरलेली मातीची घागर मांडलेली असते. तिच्यावर लहान भांडं, भांड्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबा आणि सांजोऱ्या. ही घागर गेलेल्या माणसांची. घरातला कर्ता पितरांच्या नावाने घास टाकतो, आणि वर्षभरात ज्या घरातून कुणी गेलेलं असतं तिथे त्या क्षणी पदर डोळ्यांकडे जातो. बाहेर कडुनिंबाला झोका बांधलेला असतो आणि माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत चढाओढीने झोके घेत असतात. पुरणपोळी आणि आमरस दोन्हीकडे तेच. रडण्यासाठी एक दिवस आणि झोक्यासाठी दुसरा, अशी वाटणी खान्देशाने कधी केली नाही.

जपानमध्ये नेमक्या या जाणिवेवर चित्रकथांची एक अख्खी परंपरा उभी आहे. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. बहुतेक काळ्यापांढऱ्या, उजवीकडून डावीकडे वाचायच्या, आधी मासिक-साप्ताहिकांतून क्रमशः येणाऱ्या आणि मग छोट्या खंडांत बांधल्या जाणाऱ्या. आपल्याकडे मांगा म्हटलं की तलवारी, राक्षस आणि मारामाऱ्या आठवतात. पण तिथे घरगुती मांगांचा वाचकही मोठा आहे, आणि त्यात आई किंवा वडील गेलेल्या घराची गोष्ट पुन्हा पुन्हा येते, तीही हसऱ्या अंगाने.

गिदो अमागाकुरे यांची ‘अमाअमा तो इनाझुमा’ ही त्यातली फार देखणी मांगा. 2013 ते 2019 या काळात ती मासिकातून आली, 12 खंडांत पूर्ण झाली, आणि 2016 मध्ये तिच्यावर टीव्ही मालिकाही निघाली. कोहेई इनुझुका हा शाळेत गणित शिकवणारा तरुण बाप. बायकोला जाऊन सहाच महिने झालेत. बालवाडीत जाणारी मुलगी, त्सुमुगी, दुकानातून आणलेले डबे टीव्हीसमोर बसून खाते. बापाला स्वयंपाक येत नाही आणि त्याची स्वतःची भूकही मेलेली आहे. एका रात्री तो लेकीला उचलून एका छोट्या खानावळीत धावत जातो. तिथे मालकीण नसते, असते तिची मुलगी कोतोरी, जी कोहेईच्याच शाळेत शिकते. तिला सुरीची भीती वाटते, म्हणून ती फक्त मातीच्या भांड्यात भात लावते. भाजी नाही, आमटी नाही. ती लहान पोर भांड्यापाशी डोळे लावून बसते, झाकण निघतं, वाफ वर येते आणि ती नुसता भात मन लावून खाते. लेकीसोबत बसून गरम जेवण्याला आपण किती दिवस मुकलो होतो, हे त्या बापाला तिच्याकडे बघता बघता कळतं.

पुढची सगळी मांगा म्हणजे या तिघांचा स्वयंपाक. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात एक पदार्थ, त्याची कृती, त्यातली फजिती. ढोबळी मिरची न खाणाऱ्या मुलीला ती कशी खायला घालायची, हा या कथेतला मोठा पेचप्रसंग! आई कुठेच पुसली जात नाही, पण तिच्या आठवणीने पानं ओली करायचा हट्टही लेखिकेने धरलेला नाही. ती आठवते ती एखाद्या पदार्थाच्या चवीवरून.

त्याआधीची मारिमो रागावा यांची ‘आकाचान तो बोकु’ 1991 ते 1997 या काळात पाक्षिकातून आली आणि 18 खंडांची झाली. अपघातात आई गेलेली. पाचवीतला ताकुया दोन वर्षांच्या धाकट्या भावाला, मिनोरूला, सांभाळतो. मित्र खेळायला बोलावतात आणि याला बालवाडीतून भावाला आणायचं असतं. ताकुया कंटाळतो, चिडतो, भावावर ओरडतो आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटतं. धाकटं भावंड कडेवर घेऊन वाढलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही ताईला हे पोर ओळखीचं वाटेल. कोजी कुमेता यांच्या ‘काकुशिगोतो’मध्ये (2015 ते 2020) एकटा बाप स्वतः मांगाकार आहे, आणि आपण चावट चित्रकथा काढतो हे लेकीला कळू नये म्हणून तो जी धावपळ करतो तिचाच विनोद होतो.

अशा घरात हसणं शोभतं का, हा प्रश्न तेराव्याला आलेला एखादा पाहुणा हमखास मनात आणतो. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास करून 1997 मध्ये निष्कर्ष मांडले. जोडीदार जाऊन काही महिने झालेल्या माणसांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या आणि त्यांचे चेहरे बारकाईने पाहिले. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जे मनापासून, डोळ्यांतून हसले, त्यांच्या मनाचा ताण तुलनेने कमी होता आणि इतरांशी असलेली त्यांची नातीही बरी होती. 1999 मध्ये मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी याच्याशी जुळणारी मांडणी केली: शोकातलं माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत असतं, तर कधी नव्याने अंगावर पडलेल्या कामात. या दोहोंमधली ये-जा हेच सावरणं. मुलांमध्ये ही ये-जा फार भराभर होते. आत्ता हुंदके देणारं पोर पाच मिनिटांनी गोट्या खेळताना दिसलं, तर ते निगरगट्ट नसतं.

खान्देशात याचा सर्वांत मोठा पुरावा नशिराबादच्या शेजारीच, असोद्यात जन्मला. बहिणाबाई चौधरी, जन्म 1880, नागपंचमीचा. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं आणि तिशीच्या आसपास वैधव्य आलं. पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुलं. सोपानदेवांचा जन्म 1907 चा, म्हणजे वडील गेले तेव्हा ते अगदी लहान होते. घरात वाटे-हिस्से, शेतात कष्ट, गावात प्लेगच्या साथी. या बाईंनी जे रचलं त्यात वैधव्याचं दुःख आहेच, पण तेवढंच असतं तर आज घरोघरी त्यांची गाणी माहीत नसती.

त्यांच्या एका गाण्यात ज्योतिषी दारात येतो. बहिणाबाई त्याला हात दाखवत नाहीत. त्याचं भविष्य खरं असो वा खोटं, ते ऐकायचंच नाही, म्हणून त्याला वाटेला लावतात. मागणं एकच, दोन्ही मुलगे सुखी राहावेत. यात केवढी हिंमत आहे आणि केवढा मिश्कीलपणा! जळगावात छापखाना निघाला तेव्हा, स्वतः निरक्षर असलेल्या या बाईंनी त्याच्यावर गाणं रचलं आणि कोऱ्या कागदाला येणाऱ्या शहाणपणावरून माणसाला चिमटा काढला. आखाजीच्या झोक्यावरही त्यांचं गाणं आहे. चूल, जातं, तवा, मोट, गावातली नाना तऱ्हेची माणसं या सगळ्यांकडे त्यांनी टक लावून आणि हसून पाहिलं. बाप नसलेल्या घरात मुलगा हे ऐकत वाढला, ते टिपून ठेवू लागला आणि पुढे स्वतः कवी झाला. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. आता आई गेल्यानंतरचं पोरकेपण सोपानदेवांच्या वाट्याला आलं. त्यांनी जपलेली गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आई गेल्यावर एका मुलाने केलेलं हे काम आज मराठीचं वैभव आहे. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठालाही बहिणाबाईंचं नाव आहे.

मराठी सिनेमाने हा सूर अलीकडे चांगला पकडला. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) पंढरपुरातल्या अशाच घराचा. वडील गेलेत, त्यांनी बनवलेली सायकल मागे राहिली आहे आणि तिचं नाव एलिझाबेथ. आईचं स्वेटर विणायचं यंत्र कर्जापायी जप्त होतं, सायकल विकायची वेळ येते आणि ती वाचवण्यासाठी पोरं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि त्या सायकलीत बाप आहे हे क्षणभरही विसरत नाही. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला विभागून मिळाला.

चित्रकथेत मात्र आपली पाटी या विषयात कोरीच आहे म्हटलं तरी चालेल. याची खंत वाटते, कारण साहित्य सगळं घरात आहे. कोविडच्या दोन लाटांत महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी आई, वडील किंवा दोघंही गमावले. त्यांच्या घरी आज बाप डब्यासाठी कणीक मळतोय, आजी मोबाइलवरचा गृहपाठ समजून घेतेय, मोठी बहीण धाकटीची वेणी घालतेय आणि ती रोज वाकडी होतेय. या मुलांना पुस्तकात स्वतःचं घर भेटतं ते बहुधा आसवांनी भिजलेलं. हसणारं घर भेटलं, तर आपण काही चुकीचं करत नाही एवढा धीर त्यांना येईल.

खान्देशातल्या चित्रकला महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी हे काम हाती घ्यावं. रंगीत छपाईचा खर्च नको, काळी शाई पुरते. भाषा अहिराणी असो की लेवा बोली, पात्रांनी घरात बोलतात तसंच बोलावं. ‘अमाअमा तो इनाझुमा’ इंग्रजीत ‘स्वीटनेस अँड लाइटनिंग’ या नावाने मिळते. सुरुवात तिच्या पहिल्या खंडापासून करा, आणि वाचून झाल्यावर तो घरातल्या मुलांच्या हाती द्या.