डुकरांपुढे टाकलेल्या नासपती

इ.स. ३७०च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावात, १६ वर्षांचा एक मुलगा मित्रांच्या टोळक्याबरोबर रात्री उशिरा शेजारच्या बागेत शिरला. पोरांनी झाड गदागदा हलवून नासपती पाडल्या, ओझी भरभरून नेल्या, एखाददुसरी चावून पाहिली आणि बाकीच्या डुकरांपुढे टाकल्या. फळे दिसायला देखणी नव्हती, चवीलाही बेताचीच. मुलाला भूक नव्हती. घरी याहून चांगल्या नासपती होत्या.

हा मुलगा म्हणजे ऑगस्टीन. पुढे तो हिप्पो शहराचा बिशप झाला, आणि चाळिशी ओलांडल्यावर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात त्याने या चोरीसाठी पानेच्या पाने खर्च केली. तरुणपणचे देहसंबंध, नावलौकिकाची हाव, आईशी खोटे बोलून गुपचूप रोमच्या जहाजात बसणे, हे सगळे त्या पुस्तकात आहेच. तरी त्या नासपती त्याची पाठ सोडत नाहीत. एवढ्या क्षुल्लक गोष्टीत अडकण्यासारखे होते तरी काय?

त्याला त्या चोरीचे कारणच सापडेना. माणूस भुकेपोटी चोरतो, सूडापोटी किंवा लोभापोटी खून करतो. वाईट कृत्यामागेही काहीतरी हवेसे वाटत असते. इथे तसे काहीच नव्हते. मनाई होती म्हणूनच मजा आली. एकटा असतो तर गेलोच नसतो, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो, आणि त्याने कोडे आणखी गहिरे होते. ख्रिस्ती परंपरा ज्याला पाप म्हणते ते चुकांच्या यादीपेक्षा खोल असते, हे त्याला या बागेत दिसले. पीळ इच्छेलाच पडलेला आहे.

यापुढचा त्याचा शोध मला त्याहून विलक्षण वाटतो. ३८६ साली तो मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्राचा सरकारी प्राध्यापक होता, वय ३१. बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकून बुद्धीच्या शंका फिटत आल्या होत्या. जुने जगणे सोडायचे होते, पण सुटत नव्हते. तेव्हा एक साधी, चक्रावून टाकणारी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मनाने हाताला हुकूम दिला की हात हलतो, इतका तत्काळ की हुकूम कुठे संपला आणि हालचाल कुठे सुरू झाली ते कळत नाही. हात तर शरीर. मनाहून वेगळी वस्तू. पण मन मनालाच हुकूम देते, तेव्हा मन ऐकत नाही. हुकूम सोडणारे तेच आणि धुडकावणारेही तेच! आपण सगळे रोज या अनुभवातून जातो, पण त्याचे नवल वाटायला ऑगस्टीन लागतो. त्याच्या तीन शतके आधी प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात हीच तक्रार स्वतःबद्दल केली होती.

एके दिवशी बागेत रडत असताना ऑगस्टीनला शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज ऐकू आला. काहीतरी उचलून वाचायला सांगणारा. त्याने पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले, नजर पडली तेवढाच उतारा वाचला, आणि इतके दिवस अडलेले सुटले. ३८७च्या ईस्टरला अँब्रोजने त्याला बाप्तिस्मा दिला. मागे वळून पाहताना एक गोष्ट त्याला अधिकाधिक स्पष्ट होत गेली: ही सुटका आपण केलेली नाही. इच्छाच आजारी असेल, तर बरे होण्याची इच्छा तिने कुठून आणायची? ती देवाकडूनच यावी लागते. हीच कृपा. ती आपल्या मागण्याआधी येते. मागण्याची बुद्धीसुद्धा तीच देते.

पेलागियसला हे मुळीच पटले नाही. ब्रिटनमधून रोमला आलेला हा कडक शिस्तीचा तपस्वी. देवाने हवी ती आज्ञा करावी, मात्र ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशा आशयाची एक प्रार्थना ‘कन्फेशन्स’मध्ये आहे. कोणा बिशपने ती त्याच्यासमोर म्हटली आणि तो खवळला. मग माणसाने हातावर हात ठेवून बसायचे काय? त्याची चीड मला समजते. दुर्बळपणाची सबब पुढे करून नावापुरते ख्रिस्ती राहणारे सुखवस्तू लोक त्याला रोममध्ये दिसत होते.

४१० साली गॉथ सैन्याने रोम लुटले, आणि त्या धामधुमीत पेलागियस आफ्रिकेमार्गे पॅलेस्टाइनला पोचला. देमेत्रियास या बड्या रोमन घराण्यातल्या तरुणीने नुकतेच कौमार्याचे व्रत घेतले होते. तिला त्याने एक लांबलचक पत्र लिहिले. देवाने मनुष्यस्वभावात केवढे सामर्थ्य ठेवले आहे ते आधी ओळख, हा त्याचा रोख. देव न्यायी आहे, अशक्य ते तो सांगणारच नाही. पहिला माणूस आदाम, त्याचे पाप त्याच्यापाशी. ख्रिस्ताचा कित्ता समोर आहे, तो गिरव.

किती उमेदीचे वाटते हे! पण हा विचार शेवटपर्यंत नेऊन पाहा. पाप न करणे पूर्णपणे माझ्या हातात असेल, तर माझ्या एकाही पापाला सबब उरत नाही. देमेत्रियासला निर्दोष व्हावेच लागेल, आणि रोज. ऑगस्टीनचे निदान काळेकुट्ट आहे खरे, पण त्याच्या मंडळीत शपथ घेऊन मोडणाऱ्याला, पुन्हा घेऊन पुन्हा मोडणाऱ्याला बसायला जागा होती. माणसाविषयी इतके कठोर बोलणारा विचार माणसाशी इतका सौम्य असू शकतो, याचे आश्चर्य मला अजून ओसरलेले नाही.

४१५ साली पॅलेस्टाइनमधल्या दिओस्पोलिसच्या धर्मसभेने पेलागियसला निर्दोष ठरवले. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण नाकारली आणि पोप झोसिमसनेही त्याच वर्षी तिचा निषेध केला.

ऑगस्टीन मात्र तेवढ्यावर थांबला नाही. बाप्तिस्म्याविना मेलेली तान्ही बाळेही आदामाकडून वारशाने आलेल्या मूळ पापामुळे दंडास पात्र आहेत, भले तो दंड सर्वांत सौम्य असो, इथपर्यंत तो गेला. इथे मला त्याच्याबरोबर जाता येत नाही. त्याच्या चर्चलाही सर्वत्र जाता आले नाही. ५२९ साली ओरांजच्या धर्मसभेने विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते हे उचलून धरले, पण देवाने कोणाला दुष्कर्मासाठीच नेमून ठेवले आहे हे मत धिक्कारले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने आदामाकडून मृत्यू आणि दुर्बळता वारशाने येते असे मानले, अपराध नव्हे. आणि २००७ साली कॅथलिक चर्चच्या ईशज्ञानविषयक आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे, असे म्हटले.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर या ऑगस्टीनच्याच नावाच्या संघातल्या संन्याशाने कृपेचा प्रश्न पुन्हा पेटवला आणि पश्चिमेतले चर्च दुभंगले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव आपला स्वीकार करतो तो आपल्या पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने, हे दोघांनाही मान्य.

पेलागियसचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. कृपेवर विसंबलेला माणूस आळशी होतो का? याचे उत्तर मी पंडिता रमाबाईंच्या चरित्रात शोधतो. संस्कृतच्या गाढ्या विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापिका. कर्तृत्वाला काय कमी होते? १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या हाती विल्यम हॅसलम या धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त पडले. स्वतःचेच प्रवचन चालू असताना ज्याचे मन पालटले असा हा माणूस! ते वाचताना रमाबाईंना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. आपल्या विद्येने आणि सत्कृत्यांनी तारण मिळवता येत नाही, ते घ्यावे लागते, असे त्यांनी पुढे १९०७ साली आपल्या साक्षीत मांडले. या मनःपरिवर्तनानंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि विधवा वाचवून आणल्या, आणि हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणण्याचे काम १९२२ साली मृत्यू येईपर्यंत केले. त्यांनी केडगावला उभारलेले मुक्ती मिशन आजही चालू आहे.